वाडीतला छोटा लोडर: पडझड उचलताना आणि मशीन सांभाळताना

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि संध्याकाळपर्यंत श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या वाड्या आडव्या झाल्या. माड, पोफळी, जुने रायवळ आंबे, फणस, सगळं एकमेकांवर. माझ्याकडे तेव्हा दोन चेनसॉ, एक पिकअप आणि पाच गडी होते. पहिले आठ दिवस आम्ही नुसतं कापत सुटलो. नवव्या दिवशी लक्षात आलं की कापलेलं जागचं हललेलंच नाही. ओंडक्यावर ओंडके, मधून माणूस जाईना, आणि वाडीचा मालक विचारतोय, "भाऊ, हे उचलणार कोण?"

जेसीबी पाखाडीत, म्हणजे वाडीतल्या अरुंद दगडी वाटेत, शिरत नव्हता. शिरवायचा तर दोन्हीकडचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, पाडायला हवे होते. शेवटी भाड्याने एक छोटा लोडर मिळाला. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे त्याला बॉबकॅटच म्हणतात. जेमतेम साडेपाच फूट रुंद, जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरणारा. या मशीनचा जन्मही अशाच अडचणीतला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात टर्की पक्षी पाळणाऱ्या एकाला दुमजली गोठ्यातली घाण काढायची होती. वरच्या मजल्यावर चढेल इतकं हलकं आणि खांबांमधून वळेल इतकं आखूड मशीन त्याला हवं होतं. केलर बंधूंनी १९५७ मध्ये ते बनवून दिलं. पोफळीच्या बागेत गरज तीच असते, फक्त खांब जिवंत असतात.

पुढे मी स्वतःचं जुनं मशीन घेतलं. हे लिहितोय ते त्यावरच्या अनुभवातून, आणि कोकणातल्या वाड्या-बागा डोळ्यांसमोर ठेवून.

लोडर हा हमाल आहे

हे आधी मनात पक्कं करा. लोडर ओंडके वाहतो, फांद्या गोळा करतो, रस्ता मोकळा करतो. उभं झाड ढकलून पाडणं हे त्याचं काम नाही. गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "मशीन आलंच आहे, तर तो वाकलेला माड पण लोटून द्या." देऊ नका. छोट्या लोडरचा रेटा बुंध्याला खालीच लागतो आणि झाडाचा जोर वर शेंड्यात असतो. खाली ढकललंत की वरची सुकलेली फांदी नाहीतर नारळांचा घड थेट केबिनवर. झाड उपटायला लागलं तर मुळं जमीन वर उचलतात, आणि त्या जमिनीवर तुमची पुढची चाकं असतात.

जुन्या वायररोपने ओढणंही तितकंच वाईट. वायररोप तुटला की चाबकासारखा फिरतो. तो कुठल्या बाजूला फिरेल हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

घाई मात्र एका कारणासाठी करायलाच हवी. पडलेला माड वाडीत कुजत ठेवला तर तो गेंड्या भुंग्याचं बाळंतघर होतो. भुंग्याच्या अळ्या कुजक्या खोडात आणि शेणखतात वाढतात, आणि बाहेर पडलेला भुंगा वादळातून वाचलेल्या माडांचे कोंब पोखरतो. म्हणजे ओंडके उचलणं ही नुसती साफसफाई नाही, उरलेल्या बागेची राखण आहे.

कामाच्या आदल्या दिवशी

वादळाची पडझड असेल तर पंचनामा होईपर्यंत कापू नका. रस्ता अडला असेल आणि कापणं भागच असेल, तर प्रत्येक झाडाचे फोटो काढा: एक बुंध्याजवळून आणि एक लांबून, मागे घर किंवा विहीर दिसेल असा. तलाठी आले तेव्हा आमच्या एका गिऱ्हाइकाकडे दाखवायला फक्त भुसा उरला होता.

उभं झाड तोडायचं असेल तर परवानगी. गावाकडे १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागतो. आंबा, फणस, साग, ऐन, खैर, किंजळ, जांभूळ ही झाडं त्याच्या यादीत आहेत, त्यामुळे स्वतःच्या सातबाऱ्यातलं असलं तरी वनखात्याकडे अर्ज करावा लागतो. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. परवानगीचा कागद ठेकेदाराने स्वतः वाचावा. "आमचं झालंय सगळं" यावर विसंबू नये, कारण वनरक्षक मशीन ताब्यात घेतो तेव्हा ते तुमचं असतं.

मग मालकाला घेऊन वाडीत चालत एक फेरी मारा. कागदावर नकाशा काढायची गरज नाही, चुन्याची पिशवी घ्या आणि खुणा करत चला. शोषखड्डा कुठे, संडासाची टाकी कुठे, ठिबकची लाइन कुठून जाते, जुनी बुजवलेली विहीर आहे का. लोडर रिकामा असला तरी सव्वादोन ते तीन टनांचा असतो. शोषखड्ड्यावरची फरशी त्याच्यासाठी नसते. विहिरीच्या कठड्यापासून मी किमान दहा फूट लांब राहतो. पावसात तर त्याहून लांब, कारण आपली लाल माती भिजली की कड सांगून ढासळत नाही.

वर पाहायचं विसरू नका. विजेची तार तुटून झाडात अडकली असेल तर ती बंद आहे असं धरू नका. शेजारच्या घरातला इन्व्हर्टर किंवा जनरेटर उलटी वीज पाठवू शकतो. महावितरणच्या लाइनमनने बंद करून, डोळ्यांसमोर अर्थिंग लावल्यावरच पुढे जायचं. तक्रारीसाठी १९१२ आहे, पण गावात लाइनमनचा नंबर जास्त कामाला येतो. आणखी एक गोष्ट म्हणजे आग्यामोहोळ. चेनसॉचा आवाज, लोडरची थरथर आणि धूर, तिन्ही गोष्टी त्याला खपत नाहीत. मोहोळ दिसलं तर त्या बाजूचं काम त्या दिवशी नाही. मध काढणाऱ्या माणसाला बोलवा, दोन दिवस थांबा.

वजनाचा हिशेब, दोरीने

लोडर उलटतो तो बहुतेक वेळा 'अजून थोडं बसेल' या वाक्यानंतर. मशीनच्या पाटीवर 'रेटेड ऑपरेटिंग कपॅसिटी' म्हणून एक आकडा असतो, म्हणजे किती वजन सुरक्षितपणे उचलावं तो. चाकाच्या लोडरला तो मशीन तोंडावर पडेल त्या वजनाच्या निम्मा धरलेला असतो, पट्ट्यावरच्या मशीनला ३५ टक्के. लहान मशीनना हा आकडा साधारण ६०० ते ७०० किलो असतो, आणि तो साध्या बकेटसह आहे. तुम्ही ओंडक्यांसाठी ग्रॅपल, म्हणजे पंजा लावलात, तर पंजा बकेटपेक्षा जितका जड तितका भार उचलण्याच्या आकड्यातून वजा करा. शिवाय लांब ओंडका पंज्यातून पुढे आला की त्याचं वजन वाढल्यासारखंच होतं. म्हणून ६५० च्या मशीनवर मी साडेचारशेच्या पुढे जात नाही.

आता साडेचारशे किलो म्हणजे केवढा ओंडका? आपले लाकडाचे व्यापारी जसं मोजतात तसंच मोजा. दोरीने मधला घेर घ्या, दोरीची चौघडी करा, त्या लांबीचा वर्ग करा आणि ओंडक्याच्या लांबीने गुणा, सगळं फुटांत. या पद्धतीत खऱ्यापेक्षा पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त लाकूड मोजणीतून निसटतं. ते कुणाच्या फायद्याचं हे इथे नको. पण वजनासाठी ते परत धरावं लागतं. ओलं आंब्या-फणसाचं लाकूड घनफुटाला पंचवीस ते तीस किलो भरतं. ही सूट आणि हे वजन एकत्र धरून सोपा नियम असा: दोरीने आलेल्या घनफुटांना ३५ ने गुणा, किलो मिळतात.

उदाहरणार्थ, सहा फूट घेराचा, सहा फूट लांब आंब्याचा तुकडा. चौघडी दीड फूट, वर्ग सव्वादोन, गुणिले सहा म्हणजे साडेतेरा घनफूट. गुणिले ३५ म्हणजे पावणेपाचशे किलो. नजरेला तो 'एवढासा' वाटतो. आमच्या मशीनसाठी मी तो पाच फुटांवर कापायला सांगतो. मग चारशेच्या आत बसतो. माडाचा हिशेब सोपा आहे: फूटभर जाडीचा ओला माड, बुंध्याकडचा, मीटरला साठ-सत्तर किलो. नऊ-दहा फुटांचा तुकडा दोनशे किलो. असे दोन एका खेपेत आरामात जातात.

हा हिशेब कापणाऱ्याला आधी सांगा. नंतर सांगितलंत तर प्रत्येक ओंडका दोनदा कापावा लागतो.

कापताना

उभं झाड पाडण्याचं शास्त्र हा वेगळा विषय आहे, तो लेख वाचून करायचा नाही. पडलेल्या झाडाबद्दल मात्र दोन गोष्टी सांगतो, कारण त्यात माणसं जातात.

पडलेलं खोड ताणात असतं. धनुष्यासारखं वाकलेलं खोड पाहा: आतली बाजू दाबलेली, बाहेरची ताणलेली. दाबलेल्या बाजूने आधी पाव ते एकतृतीयांश खाच घ्या, मग ताणाच्या बाजूने हळूहळू आत या. उलट केलंत तर खोड फाटतं किंवा करवतीचा बार, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, चिमटतो. चिमटला तर ओढाताण नको, मशीन बंद करून पाचर मारा. पाचर प्लॅस्टिकची किंवा लाकडाची. लोखंडाची पाचर आणि साखळीची गाठ पडली की दोन्हींचं नुकसान.

दुसरी गोष्ट, उपटून आलेल्या मुळांचा गठ्ठा. त्याच्याखाली खड्डा पडलेला असतो. खोड कापलं की वजन सुटतं आणि गठ्ठा कधी कधी धाडकन मागे, परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात गावातली पोरं खेळत असतात. म्हणून कापण्याआधी खड्ड्यात डोकावून पाहा आणि एक गडी तिथे लांब उभा करा, नुसता राखणीला. मुळाकडे पाच-सहा फूट खोड ठेवूनच कापा. तेवढं वजन गठ्ठ्याला धरून ठेवायला मदत करतं, आणि नंतर लोडरने दाबून गठ्ठा हळू बसवताही येतो.

लहान झुडपं कोयत्याने छाटणाऱ्यांना एक सूचना: खुंट तिरपे ठेवू नका. तिरपा बांबूचा नाहीतर करवंदीचा खुंट हा टायरसाठी भाला असतो. जमिनीलगत, आडवा कापा. हा नियम पाळायला लागल्यापासून आमचे पंक्चर निम्म्यावर आले.

उचलणं आणि नेणं

दिवसातला सर्वांत महत्त्वाचा अर्धा मिनिट पंजा जोडल्यावरचा असतो. लोडरच्या पुढच्या जोडपट्टीला दोन दांडे असतात. ते खाली दाबले की दोन खिट्ट्या पंज्याच्या भोकांतून आरपार जातात. दांडा खाली गेला म्हणजे खिट्टी बसली असं नाही. माझ्या बाबतीत डावीकडच्या भोकात लाल माती आणि साल दाबून बसली होती. दांडा खाली, खिट्टी अर्धवट. ऑपरेटरने सीटवरून पाहिलं, ठीक दिसलं. तिसऱ्या खेपेला फणसाचा ओंडका उचलला तेव्हा पंजा एका बाजूने सुटून लोंबकळला, ओंडका घरंगळून गडग्यावर गेला आणि चार चिरे घेऊन पलीकडे पडला. त्या गडग्याला टेकून बिडी ओढणारा गडी नुकताच पाणी प्यायला उठला होता.

तेव्हापासून पद्धत अशी: भोकं आधी पेचकसाने कोरून साफ करायची. दांडे दाबायचे. मग पंजा पुढे झुकवून त्याचं टोक जमिनीवर इतकं दाबायचं की पुढची चाकं जराशी हलकी होतील. मग खाली उतरून, वाकून, दोन्ही खिट्ट्या भोकाच्या खाली बाहेर आलेल्या डोळ्यांनी पाहायच्या. सीटवरून नाही, उतरून.

पंज्याचे होसपाइप (दाबाचं हायड्रॉलिक तेल नेणारे) जोडताना कप्लर, म्हणजे त्यांच्या टोकाचे जोड, स्वच्छ फडक्याने पुसा. मशीन उन्हात उभं राहिलं की होसमध्ये दाब साचतो आणि कप्लर बसत नाही. लोक हातोडीने ठोकतात. ठोकू नका, मॅन्युअलमध्ये दाब सोडायची पद्धत दिलेली असते, ती करा. ठोकलेला कप्लर महिन्याभरात गळायला लागतो.

ओंडका उचलताना त्याच्या मधोमध धरा आणि नेताना जमिनीपासून वीतभर-दोन वीत वर, इतकाच. डोळ्यांसमोर ओंडका धरून पाखाडीतून जाणारा ऑपरेटर दिसला की मी काम थांबवतो. पुढचं दिसत नाही, आणि वजन वर गेलं की मशीन कुशीवर जायला तयार होतं. वर उचलायचं ते ट्रॉलीजवळ गेल्यावर, सरळ सपाट जागेवर, चाकं न वळवता.

चढ-उताराला एकच सूत्र: जड बाजू चढाकडे. भरलेला लोडर पुढून जड असतो, म्हणून चढ पुढे तोंड करून चढायचा आणि उतरताना रिव्हर्समध्ये. रिकामा लोडर मागून जड असतो, कारण इंजिन मागे आहे. त्याला उलटं. उतारावर आडवं जायचं नाही आणि वळायचं तर नाहीच. ओल्या कातळावर शेवाळ असेल तर भरलेली खेप तिथून नेऊच नका, लांबचा रस्ता घ्या.

जागच्या जागी गरकन फिरणं ही या मशीनची शान, पण वाडीत ती शान महागात पडते. चारही चाकं माती खरवडतात आणि वरवरची मुळं सोलली जातात. तीन टप्प्यांत पुढे-मागे करत वळा. उभ्या कलमांच्या खालून रोज त्याच वाटेने गेलात तर माती दगडासारखी दाबली जाते आणि कलमाला त्याची झळ नंतर, एखाद-दोन वर्षांनी जाणवते. वाट एकच ठरवा, शक्यतो झाडांच्या घेराबाहेरून. तिच्यावर झावळ्या आडव्या अंथरा, दोन-तीन थर. झावळ्या पडलेल्याच असतात, फुकट चटई मिळते.

केबिनला पुढे जाळी किंवा जाड पॉलिकार्बोनेटचा दरवाजा हवाच. फांदीचं टोक आत शिरायला क्षण लागत नाही. सीटबेल्ट आणि मांडीवरची दांडी यांना तार बांधून 'बायपास' केलेलं मशीन भाड्याने आलं तर परत पाठवा. उतरताना लोडरचे हात, म्हणजे पंजा उचलणारे लोखंडी दांडे, जमिनीवर, इंजिन बंद, किल्ली खिशात. उचललेल्या हातांखाली, आधाराचा लोखंडी टेकू न लावता, कुणीही जायचं नाही, 'फक्त ग्रीस मारायला' सुद्धा नाही.

चेनसॉ: भुसा की पीठ?

धार गेली की नाही हे ओळखायला जमिनीकडे पाहा. दाणेदार, चपटे तुकडे पडत असतील तर धार आहे. पिठासारखं पडत असेल तर करवत कापत नाही, घासतेय. मग गडी जोर लावतो, बार तापतो, क्लच जळतो, आणि दोष मशीनला.

माडावर धार सर्वांत लवकर जाते. खोडाची बाहेरची साल-कड फार टणक, त्यात वादळात वाळू-माती चिकटलेली. त्याचे धागे क्लचच्या झाकणात गुंडाळून बसतात. माडाचं काम असेल त्या दिवशी प्रत्येक टाकीला कानस आणि प्रत्येक दुसऱ्या टाकीला झाकण उघडून साफ, हा आमचा ठोकताळा.

कानस साखळीप्रमाणे, म्हणजे तिच्या पिचप्रमाणे (कड्यांमधलं अंतर, इंचांत). ३/८ पिचच्या साखळीला ५.२ मिलिमीटरची गोल कानस, .३२५ ला ४.८, छोट्या ३/८ पिकोला ४. चुकीच्या कानशीने दात गोल होतो, धार येत नाही. बार शिकंज्यात किंवा ओंडक्याच्या खाचेत घट्ट अडकवा. दातावर तिरपी रेघ असते, बहुतेक साखळ्यांवर ३० अंशांची, तिच्या समांतर कानस धरा. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर दिसला पाहिजे. ढकलायचं आतून बाहेर, परत येताना उचलायची. मागे-पुढे घासणारा कानशीचे आणि साखळीचे दोन्हींचे पैसे घालवतो. सर्वांत झिजलेला दात शोधून तिथून सुरुवात करा आणि बाकी सगळे त्याच्या लांबीला आणा. प्रत्येक दाताला तितकेच हात, म्हणजे तीन तर तीन. एका बाजूचे दात लांब राहिले की करवत कापताना वळत जाते. गडी म्हणतो बार वाकडा आहे. बार नाही, कानस वाकडी आहे.

दातापुढचा छोटा उंचवटा, ज्याला आमचे लोक 'नाक' म्हणतात, तो तीन-चार धारांनंतर गेज लावून चपट्या कानशीने खाली घ्या. बहुतेक साखळ्यांना दात आणि नाक यांत ०.६५ मिलिमीटरचा फरक असतो. जास्त खाली घेतलंत तर करवत हिसके देते आणि बारचं टोक उसळतं. उसळी घेणारा बार थेट चेहऱ्याकडे येतो, म्हणून बारच्या टोकाच्या वरच्या अर्ध्याने कधीच लाकडाला स्पर्श करायचा नाही, आणि चेनब्रेक, म्हणजे साखळी झटक्यात थांबवणारा ब्रेक, सकाळी एकदा तपासल्याशिवाय सुरुवात करायची नाही.

तेलाबद्दल भांडण नेहमीचं. साखळीसाठी जळकं इंजिन ऑइल वापरणारे खूप आहेत. त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो, तो पंप आणि बार खातो. चेन ऑइल महाग वाटलं तरी तेच घाला. पेट्रोलची टाकी संपते तेव्हा तेलाचीही जवळपास संपलेली हवी. तेल उरलं असेल तर त्याचं भोक भुशाने बुजलंय. वड, उंबर, फणस यांचा चीक साखळीला लागला की तो बारच्या खाचेत गोंद होऊन बसतो. संध्याकाळी रॉकेलच्या ब्रशने काढा, खाच तारेने कोरा, आणि बार उलटा करून लावा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील.

पेट्रोलचं मिश्रण कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे. बहुतेक नव्या चेनसॉला ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. 'डोळ्याने' घालू नका, औषधाच्या मोजपात्राने घाला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणच्या हवेत पाण्याला तोटा नाही. म्हणून आठवड्याला लागेल तेवढंच मिश्रण करा. चार-सहा आठवडे मशीन बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

रस्त्याकडेच्या झाडाला बॅनरचे खिळे, तारा, कधी सालीत गिळलेली पाटी असते. डोक्याच्या उंचीपर्यंतचा भाग नीट चाचपा. तिथे नवी साखळी लावू नका, मरायला टेकलेली लावा.

लोडरची रोजची देखभाल

सकाळी इंजिन थंड असताना, हात खाली टेकवून, मशीन सपाट जागी: इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिक ऑइल. डिझेल फिल्टरच्या तळातलं पाणी सोडा. टाकी संध्याकाळी भरून ठेवायची सवय लावा. रिकाम्या टाकीत रात्री पाणी धरतं.

ग्रीस दर आठ-दहा तासांनी, म्हणजे रोज. पावसात किंवा खाऱ्या वाऱ्यावर दिवसातून दोनदा. निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, आधी पुसा, नाहीतर माती तुम्ही स्वतःच पिनमध्ये भरता. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. एका निप्पलमध्ये ग्रीस जातच नसेल तर 'उद्या बघू' नको. निप्पल काढून तारेने साफ करा किंवा बदला. निप्पल स्वस्त असतं, खाल्लेली पिन आणि बुश बदलायला मशीन गॅरेजला न्यावं लागतं, आणि नेणाऱ्या ट्रकचं भाडं ऐकून पाणी प्यावं लागतं.

झाडांच्या कामात लोडरचा खरा शत्रू भुसा आहे. तो इंजिनखालच्या तळपत्र्यात साचतो, हायड्रॉलिकच्या थेंबांनी भिजतो, आणि सायलेन्सरच्या उष्णतेने एक दिवस धुमसायला लागतो. मागच्या दाराच्या फटीतून निळसर धूर आला तेव्हा मला वाटलं रेडिएटर फुटला. दार उघडलं तर आत शेणकुटासारखं पेटलेलं. तेव्हापासून तळाची झाकणं रोज संध्याकाळी उघडून ब्लोअर मारतो आणि केबिनला अग्निशामक अडकवलेला असतो. रेडिएटर आणि ऑइल कूलर हवेने साफ करताना आतून बाहेर मारा. बाहेरून मारलं तर कचरा जाळीत अजून घट्ट बसतो. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती दुमडतात. एप्रिलमध्ये सावरीचा कापूस उडतो तेव्हा रेडिएटर दुपारी एकदा पाहावाच लागतो. इतका सुंदर कचरा दुसरा नाही.

एअर फिल्टर झटकून झटकून वापरू नका. इंडिकेटर लाल झाला की बदला, आणि आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो.

टायरची हवा चारही चाकांत सारखी. एका बाजूला कमी असली तर मशीन सरळ जात नाही आणि चाकं फिरवणाऱ्या आतल्या साखळ्यांवर ताण येतो. चाकाचे नट नवं चाक लावल्यावर पहिल्या दिवशी परत आवळा. तासांची वही ठेवा, मीटर बंद पडला तरी वही चालते. इंजिन ऑइल-फिल्टर, हायड्रॉलिक फिल्टर यांचे तास तुमच्या मशीनच्या पुस्तकात आहेत. धुळीत आणि भुशात काम असेल तर त्यांच्या आधीच बदला.

आता सर्वांत गंभीर. होसपाइपमधून बारीक फवारा दिसला तर हाताने चाचपू नका, बोट तर अजिबात लावू नका. आतला दाब तेलाला सुईसारखं कातडीतून आत घुसवतो. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. तासाभराने हात सुजतो, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात काढावा लागतो. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा. आणि कुणाला लागलंच तर पट्टी बांधून घरी पाठवू नका. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि 'दाबाचं तेल आत गेलंय' हे शब्द डॉक्टरांना सांगा. नाहीतर टिटॅनसचं इंजेक्शन देऊन परत पाठवतील.

मशीन उभं करून ठेवताना

किनाऱ्यालगत काम झालं की मशीन गोड्या पाण्याने धुवा. धुऊन लगेच ग्रीस मारा, म्हणजे पिनांमध्ये शिरलेलं पाणी बाहेर येतं. सिलिंडरचे चकचकीत दांडे बाहेर राहतील असं उभं करू नका. ते आत ओढलेले ठेवा, आणि जे बाहेर राहतात त्यांना ग्रीसचा पातळ हात द्या. गंजाचा एक ठिपका सील कापतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पेट्रोलियम जेली. महिनाभर काम नसेल तर निगेटिव्हची वायर काढा.

चाकं ओल्या मातीत नकोत, चार चिरे किंवा फळ्या खाली घाला. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा ठेवा, पाणी जातं तसंच कुंभारमाशीही घर करते. दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं चालू करून हात दोनदा वर-खाली करा.

आणि गणपतीनंतर पहिल्यांदा किल्ली फिरवण्याआधी मागचं दार उघडून पाहा. गेल्या वर्षी आमच्या मशीनच्या वायरिंगवर उंदराने भाताच्या काड्या, सुपारीच्या साली आणि माझाच हरवलेला एक हातमोजा आणून घर थाटलं होतं. वायर दोन ठिकाणी कुरतडलेली, पण मोजा शाबूत होता.